एन्झाइम चिकटवल्यावर मंदावतं, पण...

तुम्ही म्हणताय की मायक्रोरिअॅक्टरमध्ये, म्हणजे केसाएवढ्या बारीक चॅनेलमधून द्रावण सोडून रासायनिक क्रिया घडवतात त्यात, एन्झाइम (क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) चॅनेलच्या भिंतीला चिकटवलं की त्याची अॅक्टिव्हिटी कमी होते मग एवढा खटाटोप कशाला. कमी होते हे खरंय, पण फायदा कुठेय ते बघा ना. लहान रेणूला पाण्यात नुसत्या डिफ्यूजनने, म्हणजे आपोआप पसरत, 1 मिमी सरकायला साधारण 500 सेकंद लागतात, आणि अंतर 100 मायक्रॉन केलं की जेमतेम 5, कारण वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बारीक चॅनेलची सगळी गंमत यातच आहे, सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) पटकन भिंतीपर्यंत पोचतो.

दुसरं म्हणजे एन्झाइम वाहून जात नाही, तेच परत परत वापरता येतं. 1969 मध्ये जपानच्या तानाबे सेयाकू या औषध कंपनीत चिबातांच्या टीमने अमायनोअॅसिलेज हे एन्झाइम असंच घन आधारावर बसवून एल-अमिनो आम्लं सलग बनवायला सुरुवात केली होती, ते मोठ्या कॉलममध्ये होतं पण कल्पना तीच.

मात्र पेनिसिलिन जी पासून एन्झाइमने 6-एपीए (नवी पेनिसिलिनं बनवायचा कच्चा माल) करताना फिनाइल अॅसेटिक आम्ल सुटतं आणि पीएच पुढे पुढे घसरत जातो, टाकीत अल्कली घालत राहता येते, केसाएवढ्या चॅनेलमध्ये कशी घालणार? तिथे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तगडा हवा नाहीतर मधेमधे अल्कलीसाठी इनलेट ठेवा. आणि द्रावण 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय सोडू नका, कृपया, न गाळता सोडल्यामुळे माझा एक चॅनेल तुंबला आणि दोन दिवसांचं काम गेलं.

तुमचा सपोर्ट, म्हणजे एन्झाइम ज्यावर चिकटवलंय तो पदार्थ, कुठला आहे, सिलिका का रेझिन?