थिंकपॅड टी४२०: प्रोसेसर बदलू की फक्त रॅम वाढवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांचा लेनोवो थिंकपॅड टी४२० लॅपटॉप (२०११ सालचं मॉडेल) आता भाचीला कोडिंग शिकायला द्यायचा आहे. कीबोर्ड इतका सुरेख आहे की भंगारात द्यायला जीव होत नाही.

आत आय५-२५२०एम प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. गेल्या दिवाळीत एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवली, त्यामुळे चालू पटकन होतो, पण ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की अडकतो.

रॅमचं जवळजवळ ठरलंय. हा प्रोसेसर १६ जीबीपर्यंत घेतो, म्हणून डीडीआर३, १३३३ मेगाहर्ट्‌झच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेईन.

खरा पेच प्रोसेसरचा आहे. तो सॉकेटमध्ये बसतो, बोर्डावर सोल्डर केलेला नाही, म्हणजे बदलता येतो. आय७-२६४०एम घेतला तर वेग थोडा वाढेल, प्रोसेसरची उष्णता ३५ वॉटचीच राहील, पण कोर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) मात्र दोनच. एवढ्यासाठी खर्च करावासा वाटत नाही. आय७-२७२०क्यूएममध्ये चार कोर मिळतात, पण तो ४५ वॉटचा. आहे तोच पंखा आणि हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) तेवढी उष्णता झेपवतील का? माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, ९० वॉटचा घ्यावा लागेल का?

या मॉडेलमध्ये चार कोरवाला कोणी स्वतः बसवला असेल तर काम करताना तापमान किती जातं, ते नक्की सांगा. पुण्यात जुने, तपासलेले प्रोसेसर भरवशाने कुठे मिळतात, हेही कळवा. भाचीचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतोय.