आईला ७८ वर्षांच्या काकांच्या गाडीने उडवलं, क्लेम करावा की आपसात मिटवावं?

डहाणूकरवाला
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहतो. दोन महिन्यांपूर्वी आई (वय ५७) सकाळी भाजी घेऊन फूटपाथवरून येत होती, शेजारच्या सोसायटीतले एक काका, वय ७८, गेटमधून गाडी रिव्हर्स काढत होते, ऑटोमॅटिक आहे, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला आणि आई गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडली. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, अजून वॉकरवर आहे. हॉस्पिटलने एमएलसी (पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) केली, पोलीस जबाब घेऊन गेले पण एफआयआर झालेला नाही. बिल ३ लाख ४० हजार, त्यातले २ लाख आमच्या मेडिक्लेममधून आले. आई घरून पोळीभाजीचे डबे देते, खर्च जाता महिना १५ हजार सुटायचे, ते पूर्ण बंद.

काकांचा मुलगा भला माणूस आहे, म्हणतो १ लाख देतो, फक्त आमची काही तक्रार नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. आई म्हणते एवढ्या वयाच्या माणसाला कोर्टात कशाला खेचायचं, रोज समोर दिसतात. मला तिचंही पटतं आणि पैशाचंही टेन्शन आहे. काय करू?

क्लेमवाली_ताई
आधी एक सांगते, त्या पेपरवर सही अजिबात करू नका. मी वकिलांच्या ऑफिसमध्ये अपघाताच्या फायली बघते, असले कागद नंतर फार त्रास देतात, उद्या रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन लागलं तर काय करणार?

आईंना हेही सांगा की पैसे काकांच्या पेन्शनमधून जाणार नाहीत. थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी, पॉलिसी चालू असेल तर भरपाई कंपनी देते. काकांचं नाव अर्जात येणारच कारण गाडी त्यांची, पण खरं भांडण कंपनीशी असतं. गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर इन्शुरन्स चालू आहे का ते आजच बघा. एफआयआरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, ठाण्यात होत नसेल तर डीसीपी ऑफिसला द्या. समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही असेल तर लगेच विचारा, बऱ्याच ठिकाणी फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.

आणि मुदत! मोटार वाहन कायद्यात कलम १६६ च्या, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून भरपाई मागायच्या अर्जाला अपघातापासून ६ महिने दिलेत, १ एप्रिल २०२२ पासून. तुमचे दोन गेले. कलम १६४ चाही रस्ता आहे, तिथे चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही, पण गंभीर दुखापतीला ठराविक अडीच लाखच मिळतात आणि तुमचं बिलच त्याच्यावर गेलंय, म्हणून मी १६६ म्हणेन.

सिंहगडरोड_नीता
मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण माझे बाबा ७६ चे आहेत आणि अजून गाडी चालवतात, त्यामुळे त्या मुलाची धास्ती मला कळते. पण तो पेपर त्याच्याही कामाचा नाही. बहुतेक पॉलिसीत अट असते की कंपनीला न विचारता परस्पर तडजोड करायची नाही, म्हणजे हा १ लाख खिशातून जाणार आणि कंपनीला हात वर करायला कारण मिळणार. त्याला सांगा, आधी कंपनीला अपघात लेखी कळव.

काकांचं लायसन्स चालू आहे का तेही विचारा. ५५ नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. संपलेलं असेल तर बरेचदा ट्रिब्युनल (अपघात भरपाईचं कोर्ट) कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी मालकाकडून वसूल करते, सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे चालत आलंय. नुसतं वय जास्त आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही हो, चूक झाली ती फूटपाथवर माणूस असताना गाडी मागे घेण्यात. मुलाने किल्ली आपल्याकडे ठेवावी असं मला मनापासून वाटतं, पण तो त्यांच्या घरातला विषय.

डहाणूकरवाला
खूप आभार दोघींचे. लायसन्स २०२७ पर्यंत आहे, इन्शुरन्सही चालू आहे. आईला वाचून दाखवलं, कंपनी देणार म्हटल्यावर तयार झाली. दोन शंका, आईचा आयटीआर नाही मग कमाई कशी दाखवायची? आणि मेडिक्लेमचे २ लाख कापतील का?

क्लेमवाली_ताई
मेडिक्लेमचं कापू देऊ नका. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने २०२५ मध्ये सांगितलंय की ते पैसे भरपाईतून वजा होत नाहीत, तुम्ही प्रीमियम भरलाय म्हणून ते मिळालेत. मूळ बिलं कंपनीकडे गेली असतील तर हॉस्पिटलकडून शिक्का मारलेल्या प्रती घ्या.

आयटीआर नसला तरी चालतं. डब्याच्या गिऱ्हाइकांचे यूपीआयने आलेले पैसे दिसतील असं बँक स्टेटमेंट, किराणा आणि गॅसची बिलं, दोन-तीन गिऱ्हाईक साक्षीला. घरकामाचीही किंमत धरतात, आता पोळ्यांना आणि आईजवळ बाई ठेवली असेल तर तिच्या पगाराच्या पावत्या ठेवा. फिजिओ, रिक्षा, वॉकर, सगळं.

मोठी रक्कम कायमच्या अपंगत्वावर ठरते आणि तिथेच लोक कमी पडतात. सर्टिफिकेटवर पायाचे टक्के असतात, पण राज कुमार विरुद्ध अजय कुमार या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालाप्रमाणे त्या माणसाच्या कमाईवर किती परिणाम झाला ते बघायचं. ज्या बाईला चार तास ओट्यापाशी उभं राहायचंय तिच्यासाठी तोच पाय जास्त मोलाचा, हे डॉक्टरांच्या साक्षीत यायलाच हवं. समजा कमाईवरचा परिणाम २० टक्के धरला, तर १५ हजारात भविष्यातल्या वाढीचे १० टक्के मिळवून १६,५००, गुणिले १२, गुणिले ९ (किती वर्षांची कमाई धरायची तो वयावरून ठरणारा गुणक, ५६ ते ६० वयाला ९), त्याचे २० टक्के म्हणजे ३ लाख ५६ हजार ४००. हे दवाखान्याच्या खर्चाशिवाय, वेदनांचे आणि बुडालेल्या महिन्यांचे वेगळे, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट हाड जुळल्यावरच निघतं, ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, शिवाजीनगर कोर्टात आधी दाखल करा, सर्टिफिकेट नंतर जोडता येतं. कंपनी लोकअदालतीत तडजोडीला येईल तेव्हा मात्र सर्टिफिकेट हातात असल्याशिवाय आकड्याला हो म्हणू नका.

डहाणूकरवाला
उद्या एफआयआरचा अर्ज देतो आणि मुलाला कंपनीला कळवायला सांगतो. सीसीटीव्हीसाठी केमिस्टवाल्याला आत्ताच फोन केला, त्याने त्या दिवशीच कॉपी काढून ठेवलीये!