काडतूस फुटल्यावर मागे येणाऱ्या वायूपासून डोळे कसे वाचवावेत?

बागायतदार, गुहागर तालुका:
नमस्कार. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलांपासून चालत आलेली .३१५ बोअरची रायफल आमच्या घरात आहे. मागच्या आठवड्यात रानडुकरे हाकलण्यासाठी बार काढला, तेव्हा आवाज नेहमीचाच झाला. परंतु गालावर गरम झोत आला आणि चष्म्यावर काळे ठिपके उठले. रिकामे काडतूस काढून पाहिले तर त्याला मानेपासून अर्ध्या अंगापर्यंत उभी चीर गेलेली होती. तो चष्मा वाचण्याचा. चुकून नाकावर राहिला म्हणून बचावलो. हा वायू अडवण्याची काही व्यवस्था रायफलमध्ये असते का?

नेमबाज, रत्नागिरी:
बार होतो त्या क्षणी काडतुसाचे पितळ फुगून कोठीला (नळीत काडतूस बसते त्या जागेला) घट्ट चिकटते आणि वायूला मागची वाट बंद करते. दाब वातावरणाच्या हजारो पट असल्याने पितळ फाटले की वायू बोल्टच्या (कोठी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) खाचांतून किंवा फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईच्या) छिद्रातून मागे धावतो. १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलमध्ये यासाठी बोल्टला दोन लांबट भोके ठेवलेली आहेत. त्यांतून वायू डावीकडच्या खाचेत उतरतो आणि बोल्टच्या मागच्या टोपणाची रुंद कड उरलेला झोत चेहऱ्यापासून बाजूला वळवते. अशा रचनेमुळे वायूची दिशा बदलते, तो नाहीसा होत नाही, म्हणून पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी झाकलेला चष्मा लागतोच.

निवृत्त धातुशास्त्र शिक्षक, दापोली:
उभी चीर वाचून विचारावेसे वाटते, काडतुसे ठेवता कुठे?

बागायतदार:
गोठ्यावरच्या माळ्यावर, कापडी पिशवीत. मुलांचा हात तिथे पोहोचत नाही.

निवृत्त धातुशास्त्र शिक्षक:
मग कारण बहुधा तिथेच आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत आणि हे पितळ-तडकणे अमोनियामुळे होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण, दमट हवा आणि शेण-मुतातून सुटणारा अमोनिया एकत्र आले की बार न काढताही चीर पडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. त्या पिशवीतले एकही काडतूस आता वापरू नका. नवी काडतुसे हवाबंद डब्यात, गोठ्यापासून दूर, कुलपात ठेवा.

नेमबाज, रत्नागिरी:
सरांशी सहमत, तरीही कोठी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. .३१५ ची घडण ली-एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलसारखी, म्हणजे बोल्ट जागी अडकवणारे खटके मागच्या बाजूला असतात. कोठीतली जागा वाढली असेल तर रिकाम्या काडतुसाच्या बुडाच्या थोडे वर चकचकीत आडवे कडे दिसते. तसे दिसले तर पुढच्या वेळी चिरेऐवजी बूडच तुटून वेगळे होईल, आणि तेव्हा येणारा झोत वाचण्याच्या चष्म्याला झेपणार नाही.

बागायतदार:
जुन्या रिकाम्या काडतुसांपैकी दोहोंवर तसे कडे आहे. रायफल उद्याच चिपळूणला नेतो.