चर्चा: नाटक शिकवायला डिग्रीवाला हवा की खड्ड्यातला?

बांधीवाला मास्तर

आमच्या भागातल्या चार नाट्यमंडळांनी मिळून एक बेत आखलाय. झाडीपट्टी (पूर्व विदर्भातला वैनगंगेकाठचा भाग) आणि मेळघाटातली आठ पोरंपोरी निवडायची. गोंड, माडिया, कोरकू, पोवार, ढिवर, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली, जी कोणी स्वतः नाटक लिहू-बसवू पाहतात ती. प्रत्येकाला एक जाणता माणूस जोडून द्यायचा. सहा महिने, मानधनासकट. शेवटी ज्याने-त्याने आपल्या भाषेतलं तासाभराचं नाटक आपल्याच गावात उभं करायचं. हे अभिनयाचं शिबिर नाही. लिहिणं, नट जमवणं, लाइट, पडदे, हिशेब, सगळं त्यांनीच करायचं. काम नोव्हेंबरात सुरू.

पैसे देणाऱ्यांची अट एकच: मार्गदर्शक 'प्रशिक्षित' हवा. म्हणजे नाट्यशाळेची पदवी. मला ही अट मान्य नाही.

भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की गडचिरोलीतल्या वडशातून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत नाटक. स्टेजसमोरच्या खड्ड्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आणि कोपऱ्यात मांडीवर वही घेतलेला प्रॉम्प्टर. मी लहानपणी त्याच्या पाठीमागे बसायचो. लोकांना वाटतं, तो वाक्य सांगतो. तो वाक्य सांगत नाही, वेळ सांगतो. हशा पिकला की ओळीवर अंगठा ठेवून थांबतो. रात्री तीनला पब्लिक पेंगायला लागली की नटाकडे पाहून बोट फिरवतो, दोन पानं गळतात आणि थेट मारामारी येते. संपादन याहून वेगळं काय असतं? अशी माणसं असताना पदवी कशाला बघायची? कुरखेड्याकडच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती काय प्रमाणपत्र पाहून?

अजनी चौक

मास्तर, प्रेम समजलं. पण खड्ड्यात बसून संपादन कळेल, प्रकाशयोजना कशी कळेल? तुमच्या स्टेजवर वरून टांगलेले माइक असतात. नट त्या माइकखाली येऊन बोलतो आणि बाजूला होतो. म्हणजे हालचाल दिग्दर्शक ठरवत नाही, वायर ठरवते. आठ जणांनी हेच गिरवायचं तर कार्यक्रमाची गरज काय? कंपनीत लागा.

मी नाट्यशास्त्र शिकलोय, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे मान्य. पण मला पहिल्या वर्षी एका बाईंनी रिकाम्या खोलीत एक खुर्ची ठेवून महिनाभर फक्त एवढंच विचारलं: इथून कोण उठून गेलं? त्या एका महिन्यात मी जे शिकलो ते मंडईच्या गर्दीत कोणी शिकवू शकत नाही. तिथे तेवढी उसंतच नाही.

झाडीचा वारा

गुरुजी, मी प्रॉम्प्टर. चौदा सीझन झाले. तुमी तारीफ केली, बरं वाटलं. पर खरं सांगू का? त्या खड्ड्यात कोनी कोनाले शिकवत नाही गा. पयल्या साली मी फकस्त शिव्या खाल्ल्या. आनं प्रॉम्प्टर काहाले लागते? तालीमच होत नाही म्हनून. हिरो नागपूरचा, हिरोइन भलतीकडची, दोन दिवस भेटतात आनं तिसऱ्या दिवशी नाटक. तुमी आमच्या मजबुरीले विद्या म्हनून राह्यले.

माहा पोरगा नाटक लिहितो म्हनते. त्याले मी माह्या बाजूले नाही बसवनार. त्याले तो खुर्चीवाला महिना पायजे.

बांधीवाला मास्तर

दादा, तुमच्याकडून हे ऐकायची तयारी नव्हती. पण मी मजबुरीला विद्या म्हणत नाही. मजबुरीतून जी आली तिला म्हणतोय.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. हबीब तन्वीर रायपूरचे, लंडनच्या नाट्यशाळेत शिकून आले. छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्याचे कलावंत घेऊन बसले तेव्हा सुरुवातीला त्यांना डावं-उजवं शिकवत होते, शुद्ध हिंदी बोलायला लावत होते. काही जमेना. १९७० च्या सुमाराला त्यांनी ते सोडलं, छत्तीसगढीत बोलू दिलं, आधी ठरवलेल्या हालचाली बंद केल्या, तेव्हा कुठे नाटक उभं राहिलं. आपली चूक त्यांनी स्वतःच सांगितली आहे. गोंदियातून गाडीत बसलं की छत्तीसगढ लागतो. म्हणजे धडा काही लांबचा नाही.

मोहफूल

धडा अर्धाच सांगितला सर. तन्वीरांचं नाव सगळ्यांना ठाऊक. फिदाबाई मरकाम कोण, हे या धाग्यावर किती जणांना ठाऊक आहे? गोविंदराम निर्मलकर? रात्रभर स्टेजवर तेच होते. मार्गदर्शक कितीही समजूतदार असला तरी पोस्टरवर मोठं नाव त्याचंच येतं. तुमच्या योजनेत संहिता कोणाची राहणार, ते कुठेच लिहिलेलं नाही. आधी ते लिहा.

आणि डिग्रीवाला की वडशाचा, या भांडणात आम्हाला कशाला ओढता? मी माडिया आहे. सातवीत असताना मंडईच्या नाटकात 'आदिवासी' पाहिला. डोक्याला पिसं, तोंडाला काजळी, तुटकं मराठी, आणि एंट्रीला ऑक्टोपॅडवर ढुमढुम. अख्खं गाव हसलं. माझी आजी बाजूला बसली होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने मला विचारलं, "हा कोणत्या गावचा?" तिला खरंच कळलं नव्हतं. नागपूरच्या एका नाटकात आमचा माणूस पाहिला, तो हसवत नव्हता. तो नुसता दुःखी होता, दीड तास. तो कोणत्या गावचा, हे मलाही कळलं नाही.

झाडीचा वारा

पोरी, तो पिसांवाला रोल मी कमीत कमी पाच नाटकांत प्रॉम्प्ट केला असन. खोटं नाही बोलत. पब्लिकले लागते म्हनून लेखक टाकते.

मोहफूल

पोरी नका म्हणू, काका. आणि पब्लिकमध्ये आम्हीही तिकीट काढूनच बसलेलो असतो.

धारणी रोड

माह्यावालं एक आयका. धाग्यात 'मेळघाट' एकदा लिहिलं आन् मंग समदी गोष्ट वैनगंगेवरच चालू हाय. आमच्याकडे ना वडसा, ना कंपन्या, ना तिकीट. कोरकूले गोंडीच्या पंक्तीत बसवता, पन दोन भाषांचा काही संबंध नाही. गोंडी तेलुगूच्या घरची, कोरकू मुंडा-संथाळीच्या. आमच्या सातपुड्यात खंब स्वांग हाय, खांबाभोवती रातभर चालते. तिथं प्रेक्षक येगळा आन् नट येगळा असं नसते. तासाभराचं नाटक, समोर खुर्च्या, हा साचा तुमीच ठरवला ना? मंग 'आपल्या पद्धतीनं करा' म्हनता कशाले?

अजनी चौक

याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी विचारतो: पैसे देणारा शेवटी काय पाहायला येणार? रात्रभर थांबेल तो?

धारणी रोड

थांबला नाही तर त्याले समजलं नाही. आपल्याले काय करा लागते.

पटाची गर्दी

मंडळी विद्येवरच अडकली. मी गावच्या मंडळाचा खजिनदार, मी कॅलेंडर पाहतो. नोव्हेंबर ते एप्रिल म्हणता. मास्तर, हा सीझन आहे! नटाला नाईटवर पैसे मिळतात आणि वर्षाची कमाई याच चार-पाच महिन्यांत होते. तुमचं मानधन घेऊन जो नाईट सोडेल, त्याच्या जागी कंपनी दुसरा घेईल आणि पुढच्या दिवाळीला त्याला कोणी बोलावणार नाही. बरं, होळीनंतर ठेवा म्हणाल, तर मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता. जंगलाकडच्या पोरांचा रोख पैसा तोच. जूनला पऱ्हे (धानाची रोपं), जुलैत रोवणी. बांधीत चिखलात उभ्या पोराला तुम्ही संवाद सांगणार?

एकच फट आहे. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंत. पोळ्याच्या आगेमागे धरा. तेव्हा नवी नाटकं घेण्याची बोलणीही सुरू होतात, म्हणजे जाणती माणसंही मोकळी सापडतात.

आणि शेवटच्या प्रयोगाचा खर्च तिकिटांवर टाकू नका. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्यात आमचा शंकरपटही थांबला. पट पाहायला आलेली गर्दीच रात्री नाटकाला बसायची. डिसेंबर २०२१ मध्ये पट पुन्हा सुरू झाला, पण मधल्या काळात आमच्या मंडळाने दोन वर्षं घरचे पैसे घातले. तेही गावातल्या नेहमीच्या नाटकाला. कोरकूतल्या नाटकाला पहिल्याच वर्षी किती तिकिटं जातील?

बांधीवाला मास्तर

कॅलेंडर चुकलं, हे कबूल. नोव्हेंबर खोडला. तेंदूपत्त्याचा विचार मी केलाच नव्हता, आणि माझ्याच शाळेतली अर्धी पोरं मे महिन्यात जंगलात असतात. लाज वाटली.

संहिता लिहिणाऱ्याचीच, हेही आज लिहून टाकतो. तासाभराची अटही काढतो. पण पदवीच्या बाबतीत मी हटत नाही. दोन मार्गदर्शक देऊ: एक शहरातला, एक इथला, दोघांना सारखेच पैसे.

मोहफूल

इथला म्हणजे कोण? पुन्हा वडशाचाच ना? मला माझ्या गावची दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, बसवणारी माणसं हवीत. त्यांना मराठीत सही करता येत नाही. तुमच्या व्हाउचरवर त्यांचा अंगठा चालेल का ते विचारून ठेवा.

आणि अर्ज गोंडीत लिहिला तर? २०११ च्या जनगणनेत २९ लाख लोकांनी गोंडी सांगितली. २००३ साली संथाळी आणि बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेल्या, गोंडी अजून बाहेरच. माझं नाटक माडियात आहे. ते मराठीत 'थोडक्यात' सांगितलं तर सासूबाई आणि मोहाचं झाड एवढंच उरतं.

बांधीवाला मास्तर

अर्ज कोणत्याही भाषेत घेऊ. वाचणारा शोधणं आमचं काम. अंगठ्याचं उद्याच विचारतो.

अजनी चौक

पैसे देणारी संस्था तो अर्ज परत पाठवेल, लिहून ठेवा. तरी प्रकाशयोजना शिकवायला मी पोळ्यानंतर पंधरा दिवस येतो. पैसे नकोत, राहायची सोय करा. अट एक: स्टेजसमोर खड्डा नको. नाटकात प्रॉम्प्टर लागला, तर तालीम कमी पडली असं मी धरेन.

झाडीचा वारा

खड्डा नोका करू. पर मी येतो. बाजूले बसून राहीन, वही बंद ठेवीन.

आनं लाइट गेली त?