चिनी स्व-मसाज शिकायचाय: सुरुवात कुठून करावी? (सल्ला हवा)

मृद्गंध
दिवसभर बैठं काम. मान-खांदे आखडतात, डोळे चुरचुरतात, पोट साफ होत नाही. चिनी पद्धतीचा, आपला आपणच करायचा मसाज शिकायचा आहे. यूट्यूबवर जो तो वेगळाच बिंदू दाखवतो. १५ मिनिटांत बसेल असा क्रम, बिंदू नेमका शोधायचा कसा आणि काय टाळायचं, हे जाणकारांनी सांगावं. घरात तळव्यांचा तक्ता आणि लाकडी रोलर आहे, तो चालेल का?

वामकुक्षी
रोलर राहू दे बाजूला. आपल्याकडे अ‍ॅक्युप्रेशर म्हणून तळपायाचा जो रंगीत तक्ता विकला जातो (अंगठा म्हणजे डोकं वगैरे), ती विसाव्या शतकात अमेरिकेत घडलेली रिफ्लेक्सॉलॉजी. चिनी नाड्यांच्या नकाशात तळपायाला बिंदू एकच, योंगच्वान: बोटं आत वळवली की चवड्यामागे खळगा पडतो, तो. दोन्ही नकाशांची खिचडी करू नका.

बिंदू मोजायचं माप म्हणजे त्सुन, आणि ते ज्याचं त्याच्या हाताचं. अंगठ्याच्या पेराची रुंदी १ त्सुन, तर्जनी-मध्यमा-अनामिका जोडून २, करंगळीसकट चार बोटं ३. म्हणून सेंटिमीटर सांगणारा व्हिडिओ सरळ बंद करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून छापल्या आहेत. शंका आली की तिथे बघा. पण ३६१ घेऊन करायचंय काय? तीन पुरेत (कंसात त्या नकाशातला क्रमांक).

नेइग्वान (पीसी ६): मनगटाच्या घडीपासून कोपराकडे २ त्सुन. मूठ हलकी आवळून मनगट किंचित दुमडा, दोन दोऱ्या वर येतील, त्यांच्या मधोमध. मळमळीवर सर्वात जास्त अभ्यासला गेलेला बिंदू हाच. बस लागणाऱ्यांसाठी मनगटी पट्टे मिळतात, ते इथेच दाब देतात.

त्सूसानली (एसटी ३६): गुडघा दुमडला की वाटीखाली दोन खळगे दिसतात. बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या धारेपासून एक अंगठा बाहेर. पाऊल वर उचलून बघा, बोटाखाली स्नायू फुगला तर जागा बरोबर. सगळे चुकतात ते इथेच, नडगीचं हाड दाबत बसतात आणि वर म्हणतात काही होत नाही.

फेंगछी (जीबी २०): कानामागच्या हाडावरून बोट मागे सरकवा. कवटी संपते तिथे, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या मधे खोलगट जागा लागते. अंगठ्याचा दाब विरुद्ध बाजूच्या डोळ्याच्या दिशेने, वरच्या अंगाला. खाली मानेत नाही.

५ सेकंद दाब, २-३ सेकंद सैल, असं दर बाजूला मिनिटभर. जड, पसरणारं, 'गोड' दुखलं पाहिजे. सणक गेली किंवा मुंग्या आल्या तर नस दाबली जातेय, बोट हलवा.

अनवाणी
वरचं सगळं बरोबर, फक्त नवशिक्यांनी बिंदूंपासून सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चोळणं, मग दाबणं. जुन्या दाओयिन (ताणणं, श्वास, चोळणं यांचे चिनी व्यायाम) परंपरेतला क्रम असा:

तळहात गरम होईपर्यंत एकमेकांवर घासा. मग पाण्याशिवाय, नुसत्या तळहातांनी चेहरा 'धुवा': मधली बोटं नाकाच्या कडेने कपाळावर, तिथून कानशिलावरून गालाखाली, २० वेळा. मुरुमं असतील तर नको.

नंतर 'स्वर्गीय नगारा'. तळहातांनी कान झाका, बोटं डोक्यामागे. तर्जनी मध्यमेवर चढवून कवटीच्या हाडावर टपकन सोडा, २४ वेळा. हात काढताना अलगद. फट्‌कन उचलले तर कानात पोकळी होऊन पडद्याला झटका बसतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर हे पूर्ण वर्ज्य. बैठ्या बादुआनजिनमध्ये (आठ भागांचा जुना चिनी व्यायाम) याच्या आधी ३६ वेळा दात वाजवतात. कॅप बसवलेली असेल किंवा जबडा कटकटत असेल तर गाळा.

पोट: पाठीवर झोपून, गुडघे उभे, लघवी करून आणि जेवणानंतर निदान दीड-दोन तासांनी. उजव्या ओटीपोटापासून वर बरगडीपर्यंत, आडवं डावीकडे, मग खाली. मोठं आतडं असंच वळतं. ३६ फेऱ्या, दाब एवढाच की बोटांबरोबर पोटाची कातडी हलावी. व्हिडिओतल्या माणसाची आरशासारखी नक्कल केली की दिशा उलटते, हे लक्षात ठेवा.

शेवटी कंबर: दोन्ही तळहात मणक्याच्या बाजूंना, वर-खाली, ऊब येईपर्यंत. मुठींनी बडवू नका. मग योंगच्वान चोळून उठा.

अवांतर: सातव्या शतकातल्या चिनी वैद्य सुन सिमियाओच्या ग्रंथात १८ हालचालींचा एक क्रम आहे. त्याला त्याने 'तियानचू', म्हणजे भारत देशीची, ब्राह्मणांची पद्धत म्हटलंय. तेव्हा 'हे परकं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा सबुरीनं.

तिरपागडा
'ची', म्हणजे नाड्यांतून वाहते असं मानलेली ऊर्जा, कुठल्या यंत्रात मोजता आलेली नाही. मसाज म्हणून करा, फायदा तसाही होतो. पण हे आधी वाचा:

गरोदरपणी अंगठा-तर्जनीमधला हेगू, घोट्याच्या आतल्या बाजूच्या वरचा सानयिनजियाओ आणि खांद्यावरचा जियानजिंग दाबत नाहीत, पोटही नाही. मानेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडून एकदम दाब कधीच नको, तिथल्या धमन्या दाबल्या जाऊन चक्कर येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फक्त हलकं चोळणं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मसाज बंद, आधी डॉक्टर. आत गुठळी असू शकते. हर्निया किंवा ताजे टाके असतील तरी पोट वगळा.

क्लास लावायचा झाला तर पहिल्या दिवशी यातलं काहीच न विचारणारा शिक्षक सोडून द्या. साखर, थायरॉइड, टक्कल सगळं बरं करतो म्हणणारा तर दारातूनच.

मृद्गंध
सगळ्यांचे आभार! दोन शंका. तेल लावायचं का? आणि डोळ्यांचं राहिलं.

अनवाणी
पोटाला आणि पायांना चार थेंब तिळाचं तेल चालेल. बिंदू दाबायचे तिथे कोरडंच, नाहीतर अंगठा घसरतो. नखं कापलेली हवीत.

डोळ्यांसाठी चिनी शाळांत १९६३ पासून चालणारा व्यायाम घ्या. डोळे मिटून: भुवईचं आतलं टोक, मग नाकाचा वरचा दांडा चिमटीत, मग डोळ्याखाली गालाच्या हाडातला खळगा, शेवटी तर्जनीच्या कडेने खोबणीच्या हाडावरून गोल. प्रत्येकी एक ते आठ मोजत आठ फेऱ्या. हात धुऊन, लेन्स काढून, आणि बुबुळावर अजिबात दाब नाही. चष्म्याचा नंबर कमी होतो हे काही खरं मानू नका. तेवढा वेळ डोळे मिटलेले राहतात, चुरचुर त्यानेच निम्मी कमी होते.

तिरपागडा
काचबिंदू असेल तर डोळ्यांचं आधी नेत्रतज्ज्ञाला विचारून.