हॅसलब्लाड कॅमेरा जर्मनीला विकतोय, पैसे 'होल्ड'वर असल्याची मेल आलीये

रंकाळाकाठ (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. काकांचा सांगलीला स्टुडिओ होता. त्यांचा हॅसलब्लाड ५००सी/एम, ८० मिमी प्लॅनार भिंग आणि दोन मॅगझिनं (मागं लावायचे फिल्मचे डबे) विकायला काढलीत. एका परदेशी साइटवर १,८०० डॉलर किंमत टाकली आणि जर्मनीतल्या एकानं घासाघीस न करता 'घेतो' म्हटलं. (बायकोला तिथंच खटकलं.)

आज पेपालच्या नावानं मेल आली. त्यानं म्हणे पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'नं (ओळखीच्यांना पैसे पाठवायचा पर्याय) २,१५० डॉलर पाठवलेत. वरचे ३५० त्याच्या कुरिअर एजंटचे. एजंट घरी येऊन कॅमेरा नेणार. त्याचे ३५० मी आधी वेस्टर्न युनियननं भरायचे, पावती पाठवायची, मग होल्ड सुटणार. लोगो, व्यवहार क्रमांक सगळं बरोबर दिसतंय. काय करू?

अंधारखोली (पुणे)
काही पाठवू नका. मेल खोटी आहे. भारतातल्या पेपाल खात्यावर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' चालतच नाही. १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशात पैसे घेणंही बंद आहे, उरलंय ते परदेशातून मालाचे किंवा कामाचे पैसे घेणं. पेपाल कधीकधी खरंच रक्कम रोखून धरतं, पण ती तुमच्या खात्यात दिसते. मेलमधल्या लिंकवर न जाता पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. ते ३५० डॉलर हाच त्या माणसाचा धंदा आहे, कॅमेरा मिळाला तर वरकमाई.

मला काळजी पुढची आहे. हा भामटा गेला की खरं गिऱ्हाईक येईल आणि पैसे खरोखर येतील. आपल्याकडे पेपालमधली रक्कम आपोआप बँकेत जाते, त्यामुळे व्यवहार मिटला असं वाटतं. गिऱ्हाइकाला मात्र तक्रारीसाठी १८० दिवस असतात. विक्रेत्याला संरक्षण दोनच तक्रारींत : 'वस्तू मिळाली नाही' आणि 'हे पैसे मी दिलेच नाहीत'. तेही व्यवहारात दिसणाऱ्या पत्त्यावरच माल पोचल्याचा पुरावा असेल तर, आणि ७५० डॉलरच्या वर सहीची पोच लागते. दारातून कुणी डबा उचलून नेला तर दाखवणार काय? म्हणून पैसे खरे असले तरी 'माझा माणूस येईल'ला नाहीच म्हणायचं.

तिसरी तक्रार, 'सांगितलं तसं नाही', हिला संरक्षण नाही. भिंगात बुरशी आहे म्हणाला की बसा भांडत. आधीच टॉर्च मारून बघा आणि जे दिसेल ते जाहिरातीत लिहा. मॅगझिन काढलं की बॉडीच्या मागं नंबर दिसतो. त्यातली पहिली दोन अक्षरं साल सांगतात : यूसी म्हणजे १९७५, आरव्ही म्हणजे १९८१. मॅगझिनचं कवच आणि आतला इन्सर्ट (फिल्म बसवायचा सांगाडा) यांचे शेवटचे तीन आकडे जुळायला हवेत. हे सगळे नंबर, एक सेकंदाचं शटर आणि डब्याला टेप लागेपर्यंतचं पॅकिंग एका सलग व्हिडिओत घ्या. माझ्या एका मित्राला 'नापसंत' म्हणून परत आलेली बॉडी भलत्याच नंबरची होती.

बिनधास्त७
एवढा कुटाणा कशाला? थेट बँकेत स्विफ्टनं (परदेशी बँकेतून आपल्या बँकेत) मागवा. खात्यात पडलेले पैसे असे तक्रार करून परत नेता येत नाहीत.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)
बिनधास्तराव, तुमच्या बाजूनं बरोबर आहे, पण मी गिऱ्हाईक असतो तर कोल्हापुरातल्या अनोळखी माणसाला १,८०० डॉलर असे धाडले नसते. नेमकं त्याच कारणासाठी. जो लगेच तयार होईल त्याच्याबद्दलही मला शंका येईल.

आणखी एक. इथं आयातीवर १९ टक्के व्हॅट बसतो, तो गिऱ्हाइकानं भरायचा. हे आधी लेखी कळवा. नाहीतर कस्टमचं पत्र आलं की माणूस चिडतो, पार्सल सोडवत नाही, आणि डबा परत आल्यावर ही आपलीच वस्तू आहे हे तुम्हाला मुंबईच्या कस्टमला पटवत बसावं लागेल. 'फॉर्मवर किंमत कमी लिहा' म्हणाला तर ऐकू नका. गहाळ झाल्यास भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच मागता येते.

रंकाळाकाठ
पेपालमध्ये छदामही नाही. 'एजंट नको, पत्ता द्या, पैसे दिसले की स्वतः पाठवतो' असं कळवलं. उत्तर आलं, 'एजंट विमानतळावर उभा आहे, पोलिसांत जाईन.' आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर कोण किती वेळ उभं राहील? ब्लॉक केला.

व्हिडिओची तयारी चाललीय. बॉडीवर यूटी आहे, म्हणजे १९७६ ना? आणि दोन्ही मॅगझिनांचे इन्सर्ट जुळत नाहीत. किंमत पडणार का?

अंधारखोली
हो, ७६. किंमत नंतर बघू. आधी दोन्ही इन्सर्ट एकमेकांत बदलून बघा.

रंकाळाकाठ
जुळले! काका असते तर शिव्या घातल्या असत्या.