मदत हवी आहे: तलवारबाजीचा जुना फ्रेंच सिनेमा, नाव आठवेना

खडूस_बोका: लोकहो, एक जुना फ्रेंच सिनेमा शोधतोय, तलवारबाजीचा. हिरो मुखवटा लावतो आणि शेवटी व्हिलनशी भली मोठी मारामारी. दोन दिवस गुगल करून डोकं उठलंय. शनिवारी बाबांची पंचाहत्तरी, त्यांना दाखवायचाय, प्लीज लवकर सांगा.

चहाटळ: थ्री मस्केटिअर्स, डोळे झाकून. १९४८चा, जीन केलीवाला. नाचणारा माणूस तलवार घेतो तेव्हा काय दिसतो!

अरसिक: त्यात मुखवटा कुठून आला? बोका, फ्रेंच म्हणजे भाषा की नुसती गोष्ट तिकडची? रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?

खडूस_बोका: अहो भाषा कशी आठवेल, बाबांनी व्हिडिओ आणलेला तेव्हा मी चौथीत. रंगीत. पांढरे विग होते एवढं नक्की.

माजघर: फॅनफॅन ला ट्युलिप बघा, जेरार फिलिप आणि जिना लोलोब्रिजिडा, खोटी ज्योतिषीण त्याला सांगते तुझं राजाच्या मुलीशी लग्न होणार आणि हा येडा ते खरं धरून सैन्यात जातो, इतकं हसलोय आम्ही

अरसिक: तो मूळ ब्लॅक अँड व्हाइट. आणि पांढरे विग म्हणजे अठरावं शतक, मस्केटिअर्सची गोष्ट १६२५ला सुरू होते, तेही बाद.

चहाटळ: आता विगवरून सिनेमे ओळखणार का??

पोहेप्रेमी: मुलाला फेन्सिंग लावायचं असेल तर आधी फॉइल, सेबर नंतर (दोन्ही तलवारींचे प्रकार). फॉइलमध्ये फक्त धडाला लागलेलं मोजतात.

खडूस_बोका: कोणी विचारलं?

अरसिक: मारामारी कुठे होते ते सांगा. किल्ला, जंगल?

खडूस_बोका: नाटकाच्या थिएटरात, बॉक्सच्या (वरच्या खास बैठकीच्या) कठड्यावर चढून! लिहिलं नव्हतं का?

अरसिक: हे आधी सांगायचं ना राव. स्कारामूश, १९५२, स्टुअर्ट ग्रेंजर आणि मेल फेरर. हॉलिवूडचा आहे, इंग्रजी, म्हणून तुमचं गुगल गंडलं. मार्की (फ्रेंच सरदार, तोच व्हिलन) हिरोच्या मित्राला द्वंद्वात मारतो, मग हा नाटक कंपनीत मुखवट्याआड लपतो आणि तलवार शिकतो कुणाकडे, तर मार्कीच्याच गुरूकडे. शेवटचं द्वंद्व सहा मिनिटांच्या वर चालतं, कठड्यांवरून जिन्यात, तिथून स्टेजवर.

खडूस_बोका: हाच!!! बाबा 'मुश मुश' म्हणायचे, आम्हाला वाटायचं मांजराचं नाव.

माजघर: कादंबरीत मार्की हिरोचा बाप निघतो, सिनेमात मात्र

अरसिक: पुढे नको, पंचाहत्तरीची मजा घालवाल.

खडूस_बोका: बाबांनी पाहिलाय हो.

चहाटळ: माझा मस्केटिअर्स आणि हा स्कारामूश, दोन्हींचा दिग्दर्शक जॉर्ज सिडनीच आहे. म्हणजे मी अर्धा बरोबर.